आधी चष्मा, मग बोकड

माझा चेहरा फारसा देखणा नाही, हे मी लग्नाच्या आधीपासून जाणून आहे. नाक लांब आणि टोकाला खाली वळलेलं, हनुवटी आत गेलेली, डावी भुवई कायम वर चढलेली, आणि या सगळ्यावर गोल काचांचा जाड चष्मा. असा चेहरा सकाळी दाढी करताना एकदा बघावा आणि दिवसभर विसरून जावा. मला मात्र ती सोय राहिलेली नाही. बेळगावातून खानापूरच्या बाजूला निघालो काय किंवा निपाणीच्या बाजूला निघालो काय, थोडं पुढे गेलं की कुठल्या तरी दुकानाच्या पाटीवरून मीच माझ्याकडे बघत असतो.

हिंडलग्याच्या एका सलूनवर तीन प्रकारचे केस कापलेले तीन तरुण आहेत. तिघेही मी. खानापूर रस्त्यावर पशुखाद्याच्या दुकानावर एक बैल आहे, त्याची डावी भुवई वर चढलेली आहे. एका ब्यूटी पार्लरवर मुंडावळ्या बांधलेली नवरी आहे आणि तिच्या नाकात, म्हणजे माझ्या नाकात, भली मोठी नथ आहे. आणि नंदगडच्या मटणाच्या दुकानावर जो बोकड आहे, त्याच्याविषयी मी घरात बोलू देत नाही. आमच्याकडे चार पिढ्यांत कुणी अंडं उकडलेलं नाही. त्या बोकडाच्या डोळ्यांभोवती दोन फिकट गोल आहेत. चष्मा काढून ठेवल्यावर माणसाच्या नाकावर खुणा राहतात, तसे.

"काल तुम्हाला नंदगडला बघितलं, सर," असं मला भर मंडईत लोक सांगतात. मी गप्प ऐकून घेतो. कारण मी उपेंद्र हुक्केरीकर, बत्तीस वर्षं हायस्कुलात चित्रकला शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला माणूस, आणि या सगळ्या पाट्या रंगवणारा नागोजी घाडी हा माझा विद्यार्थी. त्याला चित्रकलेत मी नापास केलं होतं. पन्नासपैकी अकरा.

आमच्या भागात पाटीवर कोणती भाषा वर आणि कोणती खाली, कोणती मोठी आणि कोणती बारीक, यावरून मोर्चे निघतात, निवेदनं दिली जातात, माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. पण पाटीवरच्या बोकडाच्या नाकावरून आजवर एकही मोर्चा निघालेला नाही. मी एकट्यानं काढावा तर तोंड कुठलं दाखवू? तेच तर आधीच सगळीकडे दाखवलेलं.

नागोजीचा धंदा खरं म्हणजे त्याच्या बायकोवर चालतो. नीलमचं माहेर संकेश्वरकडचं. कानडी आणि मराठी दोन्ही अक्षरं ती अशी काढते की बघत राहावं. वळणदार, भरीव, एका ओळीत बसलेली. तिची अक्षरं बघून गिऱ्हाईक येतं आणि नागोजीचं चित्र घेऊन जातं, कारण अक्षरांबरोबर चित्र काढून देण्याची त्याला हौस आहे आणि त्याचे पैसे तो घेत नाही. फुकट मिळालेल्या बोकडाच्या तोंडाकडे कोण बघतो? शिवाय फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत पांढरा पडतो. नागोजीचा ऑइलपेंट पंधरा-पंधरा वर्षं टिकतो. दुर्दैवानं.

मी हे सगळं आयुष्यभर सोसलंही असतं. पण माझी मुलगी अबोली बंगळूरला नोकरीला लागली, तिथं तिला विक्रम शिप्पूरकर भेटला, आणि दोघांनी लग्न ठरवून टाकलं. पोरगा गुणी. घर निपाणीतलं, तंबाखूच्या व्यापारातलं, आमच्या समाजातलं नाही. माझी काही हरकत नव्हती. माझी बायको विद्युल्लता वकील आहे, घरात हरकत घ्यायची असली तर ती घेते. अडलं होतं ते विक्रमच्या वडिलांपाशी. मारुतीराव शिप्पूरकर जुन्या वळणाचे, कमी बोलणारे. त्यांनी होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. "आधी मानसं बघू, मग सांगतो," एवढं म्हणून त्यांनी आम्हाला एका रविवारी निपाणीला जेवायला बोलावलं.

म्हणजे सगळं त्या रविवारवर होतं. अबोलीनं फोनवर मला बजावलं, "बाबा, तेवढा एक दिवस कुणाच्या घरातल्या कॅलेंडरवरच्या चित्राला नावं ठेवू नका. तुम्हाला बघूनच ते ठरवणार आहेत."

बघूनच ठरवणार! मी रात्रभर तळमळलो. मारुतीराव कामासाठी बेळगावला येत असणार. निपाणीतही नागोजीच्या पाट्या असणार. मुलाचा सासरा म्हणून ते ज्याला बघणार, त्याला त्यांनी आधीच नथ घातलेल्या अवस्थेत बघितलेलं असलं तर?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं मी गुंजीला उतरलो. नागोजीचं घर स्टेशनपासून पाच मिनिटांवर. अंगणात दोन बाकड्यांवर एक पत्रा आडवा टाकलेला, त्यावर ताजा बोकड वाळत घातलेला, आणि शेजारी नागोजी टर्पेंटाइनच्या डब्यात ब्रश खळखळवत बसलेला. वय त्रेचाळीस, पण मला बघितल्यावर आठवीतल्या मुलासारखा ताडकन उभा राहिला.

"सर! आवो, इकडं कुठं? नीलम, खुर्ची आन गं, आमचं सर आल्यात!"

"खुर्ची राहू दे. नागोजी, हे तोंड कुणाचं आहे?"

"बोकडाचं की, सर."

"नीट बघ."

त्यानं बोकडाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. परत बोकडाकडे बघितलं. मग त्याच्या हातातला ब्रश डब्यात पडला. "आयला! व्हय की वो, सर!"

त्याचं आश्चर्य शंभर टक्के खरं होतं, आणि त्यामुळेच माझा राग आणखी वाढला. वीस वर्षं हा माणूस मला रंगवत होता आणि त्याला पत्ता नव्हता. आतून खुर्ची घेऊन आलेली नीलम म्हणाली, "मला वाटायचं, ह्यांचं कोन तरी वारलेलं चुलतं-बिलतं असतील. इचारायला नको म्हनून गप ऱ्हायले."

"पण माझंच तोंड का, नागोजी? दुसरं कुणी मिळालं नाही तुला?"

"त्याचं काय हाय सर, मी आधी चष्मा काढतो. दोन गोल काढलं की हात सुटतोय बगा. मग नाक आपसूक खाली येतंय. मग भुवई. आनि सगळं झालं की वर शिंगं लावतो. नवरी असली तर मुंडावळ्या."

"बोकडाला चष्मा?"

"मागनं पुसतो की, सर," तो जरा दुखावल्या आवाजात म्हणाला. "पर चष्म्याशिवाय सुरवातच होत न्हाय."

मग त्यानं कारण सांगितलं, आणि ते ऐकून मला बसावं लागलं. नापास केल्यावर मी त्याला वर्षभर शनिवारी शाळा सुटल्यावर जादा तासाला बसवलं होतं. तो एकटा बाकावर आणि समोर टेबलापलीकडे मी, वह्या तपासत, वैतागलेला. त्यानं विचारलं होतं, काय काढू? आणि मी वर न बघता म्हणालो होतो, समोर दिसेल ते काढ.

"समोर तुमीच दिसायचासा, सर," नागोजी म्हणाला. "दर शनिवारी. मग तेवढंच आलं मला."

बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझं ऐकणारा हा एक निघाला. तरीही मी खमकेपणानं त्याला रविवारची गोष्ट सांगितली. मुलीचं लग्न, व्याह्यांचं बघणं, सगळं, फक्त त्यांचं नाव सांगायचं राहिलं. म्हटलं, "आठ दिवस आहेत. नंदगडपासून निपाणीपर्यंत जिथं जिथं मी आहे, तिथून मला पूस."

"आबोलीताईंच्या लग्नाचं हाय म्हंताय तर करतो की, सर," तो म्हणाला, आणि त्याच दिवशी डबे मोटारसायकलला लटकावून निघाला.

पुढचे आठ दिवस रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा आणि मागून फोटो. "सर, सलून झालं. तिघास्नी मिशा लावल्या." फोटोत तिन्ही मी होतो, मिशा लावलेले. "सर, नवरीला घुंगट वडलाय." घुंगट ओढला होता, पण नाक लांब असल्यामुळे ते बाहेर राहिलं होतं. "सर, बोकडाला दाढी लावली."

"अरे, बोकडाला दाढी असतेच!"

"आता जास्ती लावलीया."

विद्युल्लतेनं फोटो चष्मा लावून बघितला, आणि अशिलाला वाईट बातमी द्यायच्या आवाजात म्हणाली, "ओळख परेड झाली तर तू सुटणार नाहीस."

शनिवारी संध्याकाळी शेवटचा फोन आला. "सर, निपाणीतली समदी झाली. गिरन झाली, पंक्चरवाला झाला. एक तेवढं ऱ्हायलंय. पर ते जनावर न्हाय, मानूस हाय. म्हातारं मानूस, देवाघरी गेल्यालं. हार घातल्यात त्येला. त्येला हात लावायचा जीव हुईना."

मी विचार केला. मेलेल्या माणसाच्या फोटोकडे कोण निरखून बघतं? लोक हात जोडतात आणि पुढे जातात. "राहू दे तो," मी म्हटलं. तो राहू दिला, हीच माझी चूक.

रविवारी अकराच्या सुमाराला आम्ही निपाणीत पोहोचलो. विक्रम आणि अबोली आदल्या रात्रीच बंगळूरहून आले होते, ती आमच्याबरोबर होती आणि तो घरी वाट बघत होता. शिप्पूरकरांचं घर वखारीच्या वर. रस्त्याला लागून वखारीचं मोठं दार, हवेत तंबाखूचा खवखवणारा वास, दारावर आडवी लांबलचक पाटी. वर नीलमच्या हातची झोकदार कानडी ओळ, खाली तशीच झोकदार मराठी. आणि डाव्या बाजूला, गोल चौकटीत, फेटा बांधलेला मी.

खाली लिहिलं होतं, 'संस्थापक कै. ज्योतिबा शिप्पूरकर'. माझ्या गळ्यात झेंडूचा ताजा हार होता. खालच्या फळीवर उदबत्ती जळत होती आणि तिचा धूर सरळ माझ्या नाकात जात होता.

विद्युल्लता जागच्या जागी थांबली. पंचवीस वर्षं कोर्टात उभी राहिलेली बाई, तिनं पाटी दोनदा वाचली. मग हळू आवाजात म्हणाली, "उपेंद्र, तुझ्या नावाआधी कै. आहे."

"नाव माझं नाही," मी म्हटलं.

"तोंड तुझंच आहे ना?"

तेवढ्यात मारुतीराव आमच्या स्वागताला दाराबाहेर आले. पांढरा सदरा, कपाळाला अष्टगंध. "या, या," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि ते माझ्याकडे बघतच राहिले. मी पाटीखालच्या पायरीवर उभा होतो, ते स्वागताला खाली रस्त्यावर उतरलेले. रोज सकाळी ज्या अंतरावरून ते पाटीकडे बघायचे, अगदी त्याच अंतरावर. त्यांचे हात आपोआप जुळले. आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्या माणसानं वाकून माझ्या पायांना हात लावला.

वखारीतला एक हमाल पाठीवरचं बाचकं तसंच टाकून ओरडला, "आप्पा आलं!" विक्रमची धाकटी पुतणी आरोही जिन्यातून डोकावली आणि तिनं घरभर सांगितलं, "पणजोबा आलेत, आणि पॅन्ट घालून आलेत!"

मला पळून जावंसं वाटलं. पण अबोली माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं होतं. मारुतीराव सावरून उठत होते, ओशाळले होते, आणि ओशाळलेला मानी माणूस पुढे काय करतो ते मला ठाऊक आहे. तेव्हा मी तिथंच पायरीवर उभं राहून सगळं सांगून टाकलं. नागोजी, पन्नासपैकी अकरा, शनिवारचा जादा तास, चष्मा. नंदगडचा बोकडही सांगितला. काही शिल्लक ठेवलं नाही.

मारुतीरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे बारा वर्षं मी रोज सकाळी दुकान उघडून तुमाला उदबत्ती ओवाळतोय."

"तसंच झालंय खरं."

"आनि पितरपाटात नैवेद्य?"

मी मान खाली घातली. त्यांनी वखारीतल्या माणसाला हाक मारली. "आदर्श, शिडी आन. ह्यो बोर्ड आत्ताच्या आत्ता खाली काढ. आनि त्या पेंटरला फोन लाव." मग आमच्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणाले, "जेवन तयार हाय, जेवून जावा. बाकीचं मग बगू."

'बाकीचं मग बघू' म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना कळलं. विक्रम पुढे येऊन काही बोलणार, तेवढ्यात आतून काठीचा आवाज आला आणि एक म्हातारी बाई दारात येऊन उभी राहिली. नव्वदीच्या घरातली, करड्या रंगाचं लुगडं, उन्हामुळे कपाळावर हात आडवा धरलेला. मारुतीरावांची आई, रुक्माबाई. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि तिचा बोळका चेहरा हसला.

"गावलासा व्हय एकदाचं?" ती मला म्हणाली. "बारा वर्षं झाली, मला कोडं हुतं, ह्यो कोन म्हनून."

मारुतीराव चमकले. "आये, तुला म्हाईत हुतं? ह्ये आप्पा न्हाईत म्हनून?"

"मला म्हाईत नसंल तर कुनाला असंल? तेवीस वर्षं संसार केला मी. त्यांचं नाक बसकं हुतं, तुज्यासारखं. कान हे एवढं. आनि चष्मा तर त्यांनी सपनात बी लावला न्हाय."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"मला कुनी इचारलंसा?" रुक्माबाई म्हणाली. "फोटूचं तोंड वाळवीनं खाल्लं, ते तसंच पेंटरच्या हातात दिलासा. पाटी वर चढवलासा, नारळ फोडलासा, पेढं वाटलासा, आनि मग मला बोलावलासा, की आये, आप्पा बग. म्हटलं, पोरांनी एवढ्या हौसेनं लावलंय, आसू दे."

मारुतीरावांची मान माझ्यापेक्षा खाली गेली. म्हातारी मात्र मजेत होती. ती माझ्याजवळ आली आणि माझ्याकडे मान वर करून म्हणाली, "आनि खरं सांगू का, गुरुजी? तुमी वरनं लई रागानं बगताय. गृहपाठ इचारल्यावानी. पर बगताय तरी. आमचं ह्ये जिते हुते तवा तंबाखू सोडून कशाकडं नीट बगितलं न्हाई त्यांनी." मग मुलाकडे वळली. "मारुती, शिडी ऱ्हाऊ दे. त्या पेंटरला तेवढं बोलाव. आनि पोरीला आत घे, उनात उभी हाय ती."

नागोजी लांब नव्हता. नीलमच्या माहेरी संकेश्वरला मुक्कामाला होता, फोन गेल्यावर तासाभरात हजर झाला. आम्ही तोवर जेवून उठलो होतो, पण घास कुणाचाच नीट उतरला नव्हता. मारुतीराव जेवताना एकदाही माझ्याकडे बघू शकले नाहीत. बघितलं की हात जुळायला लागायचे.

म्हातारीनं हुकूम सोडला. "आता मी सांगते तसं ह्यांचं तोंड काढायचं."

नागोजी घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "थांब. मी काढतो." शेवटी मी शिक्षक होतो. कागद मागवला, पेन्सिल मागवली, म्हातारीला समोर बसवलं आणि ती सांगेल तसं पाऊण तास काढत राहिलो. प्रमाण अचूक, छायाप्रकाश अचूक, बसकं नाक, मोठे कान, सगळं. आयुष्यात शिकवलं तेवढं त्यात ओतलं. रुक्माबाईनं कागद हातात घेतला, उजेडात धरला, आडवा करून बघितला.

"ह्यो कोन तलाठी?" ती म्हणाली.

आधी आरोही हसली, मग विद्युल्लता. आमच्या घरात दिवाणखान्यात मी काढलेलं विद्युल्लतेचं चित्र आहे. छान चौकटीत. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, हे कुणाचं? तेव्हा कधी न टोचलेलं त्या दिवशी टोचलं. नागोजीनं काढलेला बोकड नंदगडच्या बाजारात कुणीही धावत्या मोटारीतून ओळखत होतं. मी बत्तीस वर्षांत एकही माणूस ओळखू येईल असा काढला नव्हता, आणि पन्नासपैकी अकरा मात्र मी देत होतो.

मी पेन्सिल खाली ठेवली. उठून एक खुर्ची खिडकीजवळ ओढली आणि मारुतीरावांना म्हटलं, "इथं बसा." बसकं नाक तेच होतं, म्हातारीनं आपल्या तोंडानं सांगितलं होतं. मग नागोजीला त्यांच्यासमोर बसवलं आणि त्याला जे तीस वर्षांपूर्वी वर न बघता सांगितलं होतं तेच, या खेपेला त्याच्याकडे बघून, सांगितलं. "नागोजी, समोर दिसेल ते काढ."

"चष्मा, सर?"

"चष्मा नाही. आधी नाक."

पहिली रेघ नागोजीनं तीनदा खोडली. दोनदा त्याचा हात गोल काढायला निघाला आणि मी त्याच्या मनगटाला धरलं. मग एकदाचं नाक बसलं, आणि नाकापाठोपाठ बाकीचं यायला लागलं. मागून म्हातारी सांगत होती, "कान मोठा कर. आनि मोठा. व्हट खाली पाड, तंबाखूनं पडल्याला. डोळं बारीक, बारीक कर रं." मारुतीराव आयुष्यात पहिल्यांदाच एका जागी दीड तास न हलता बसले असतील. त्यांच्या चेहऱ्यातून त्यांचे वडील हळूहळू कागदावर येत होते, आणि त्यांना ते दिसत नव्हते. आम्हाला दिसत होते.

नागोजीनं हात थांबवला. "बगा, आज्जी," असं म्हणून त्यानं कागद तिच्यासमोर धरला.

रुक्माबाई कागदाकडे बघत राहिली. मग तिचा हात मागे गेला, आणि खांद्यावरून खाली घसरलेला पदर तिनं ओढून डोक्यावर घेतला. नीट, कपाळापर्यंत. काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि ताठ उभी राहिली.

मारुतीराव खुर्चीतून उठले, आईशेजारी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी कागद बघितला. वडील गेले तेव्हा ते सात वर्षांचे होते. त्यांना रडू आवरलं नाही, आणि मला खोटं कशाला सांगू, मलाही नाही.

नागोजी बिचारा काळजीत पडला. मला बाजूला घेऊन कुजबुजला, "बिगाडलं काय, सर?"

"नाही रे."

"मग पास?"

"पास," मी म्हटलं. "पन्नासपैकी पन्नास."

संध्याकाळी चहाला बसलो तेव्हा मारुतीराव आपणहून म्हणाले, "गुरुजी, मानसं बगितली. तारीख तुमी काढा." बोलले तेवढंच. विद्युल्लतेनं एकच अट घातली, की पाटीवरचा हार आपल्यादेखत उतरला पाहिजे. तो मारुतीरावांनी स्वतः शिडीवर चढून उतरवला, आणि हे टाकायचं कसं, बारा वर्षांचं नातं आहे, म्हणून माझ्याच हातात दिला. नव्या पाटीसाठी नीलमनं अक्षरं पुन्हा लिहिली. पाटी चढवताना रुक्माबाईला खाली खुर्ची टाकून बसवलं होतं, आणि खिळा ठोकायच्या आधी तिला विचारलं होतं.

लग्न होऊन आता आठ महिने झाले. परवा कामाला नंदगडला गेलो होतो. मटणाच्या दुकानाची पाटी नवी रंगवलेली दिसली. मी सवयीनं मान खाली घातली, मग चोरून वर बघितलं. बोकडाचं नाक बसकं होतं. कान मोठे, ओठ जरासा पडलेला. आमचे व्याही. खानापुरातला बैलही व्याही, आणि पार्लरवरची नवरी घुंगटातून व्याह्यांच्याच बारीक डोळ्यांनी बघत होती. मारुतीराव काल बेळगावला आले होते, ते म्हणे हिंडलग्याच्या सलूनसमोर गाडी थांबवून बराच वेळ उभे होते. मला त्यांनी काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. वीस वर्षं मी काढली आहेत, आता त्यांनी काढावीत.

नंदगडला त्या दिवशी मी मनसोक्त हसलो. बसमध्ये बसल्यावर मात्र सगळा रस्ता खिडकीतून पाट्याच बघत होतो. एक गेली, दुसरी गेली. कुठंच मी नव्हतो. आयुष्यभर ज्याची लाज वाटली तेच शोधत होतो, आणि मिळत नव्हतं म्हणून चक्क वाईट वाटत होतं.

खानापूरला उतरून बेळगावची गाडी धरायची सोडून मी गुंजीची धरली. नागोजी अंगणात बसला होता, समोर बाकड्यांवर कोरा पत्रा. मला बघून उठायला लागला, तर मी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

"काय झालं, सर?"

"काही नाही. तुझं चालू दे," मी म्हटलं, आणि नीलमनं आणलेली खुर्ची त्याच्या बरोबर समोर ओढून घेतली, चष्मा पुसून नाकावर नीट बसवला, आणि बसलो.